समुद्रातल्या खोलीचं पाणी

कोणी कुठूनही आलं तरी आमचे बाबा पहिल्यांदा एकच विचारतात, "पानी कसं हाय तिथचं?" तब्येत, पीक, लग्नकार्य हे सगळं नंतर. आमचं गाव दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, कापसाला आणि हरभऱ्याला झकास, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. आता नळाला धरणाचं गोडं पाणी येतं, आलं तर. तरी बाबांचा प्रश्न तोच राहिला. दादासाठी वहिनीला पाहायला गेले, तेव्हा त्यांनी मुलीच्या आधी त्या घरचं पाणी मागितलं होतं. मी अमरावतीच्या होस्टेलवरून पहिल्या सुटीत घरी आले, तेव्हा कॉलेज कसं आहे हे त्यांनी विचारलं नाही. पाणी विचारलं. गोडं आहे म्हटल्यावर म्हणाले, "मंग शिक."

मी शिकले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. आज अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. लग्न केलं नाही. चुनखडीच्या प्रदेशातल्या गुहा, समुद्राने पोखरलेले कडे, भरती आणि ओहोटी हे सगळं मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले. समुद्र पाहिला होता तो सहलीतल्या मुली मोजता मोजता. गुहा तर कधीच नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबा ओसरीत अंबाडीचा दोर वळत होते. दोराला दोन माणसं लागतात. एकाने वाक, म्हणजे अंबाडीचे तंतू, लावत पीळ द्यायचा, दुसऱ्याने लांब उभं राहून टोक ताणून धरायचं. मी घरी असले की टोक माझ्याच हातात, लहानपणापासून. त्या दिवशीही होतं. मी तशीच उभी असताना सांगितलं, की हिवाळ्यात थायलंडला जाणार आहे, तिथं समुद्रात अर्ध्या बुडालेल्या गुहा आहेत, त्या पाहायला.

"संग कोन हाय?"

"कोणी नाही. टूर आहे. पण मी एकटी."

"एकटीनं? कोनासाठी?"

"माह्यासाठी," मी म्हटलं.

बाबांनी थोडा वेळ दोराकडे पाहिलं. मग उठले, माझ्या हातातलं टोक काढून घेतलं आणि ओसरीच्या खांबाला बांधलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मी निघाले तेव्हाही नाही.

आता हे प्रवासाचं लिहायला बसले, तर सुरुवात विमानतळापासून करता येत नाही. मी निघाले ती त्या खांबापासून.

फुकेत

टूर अकोला-अमरावतीकडच्याच लोकांची. बहुतेक जोडपी, त्यातली निम्मी नवी. एकट्या बाईला खोली कोणाबरोबर द्यायची हा टूर मॅनेजर गुल्हाने यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. तो चांदूर रेल्वेच्या वानखडे काकूंनी सोडवला. काकू मुलगा-सुनेबरोबर आलेल्या, पण त्या दोघांची खोली अर्थातच वेगळी. काकू माझ्या खोलीत आल्या त्या ज्वारीच्या कडक भाकरी, ठेच्याची बरणी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन.

"तुह्या घरचे कुठं हायेत?" त्यांनी बॅग टेकवायच्या आधी विचारलं.

"घरी."

"अन् तू इथं. काय बापा." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "माह्यंही तसंच समज. पोरगा आनते खरा, पन संग नेत नाही. हॉटेलात ठेवून जाते. मी त्याले म्हनलं, मले काय बॅग समजतं का?"

फुकेत हे मोठं बेट आहे. ओलं, हिरवं, आणि इतकं उजेडाचं, की आपल्याकडच्या हिवाळ्यातून गेलेल्या माणसाचे डोळे पहिले दोन दिवस बारीकच राहतात. माती लाल. मला काळ्या मातीची सवय. लाल माती पाहिली की वाटतं कोणीतरी खोदकाम अर्धवट सोडलं आहे. प्रत्येक घरापुढे, दुकानापुढे खांबावर एक छोटं देऊळ असतं. जागेच्या राखणदाराचं घर, असं आमच्या तिथल्या गाईडने सांगितलं. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, शेंदूर लावलेला दगड असतो, तसंच काहीसं. फरक असा, की यांच्या देवाला रोज फुलं, लाल सरबत आणि पाण्याचा छोटा पेला ठेवतात. हॉटेलच्या मागे भांडी घासणारी एक बाई तो पेला बदलताना मी रोज सकाळी पाहत असे. जुनं पाणी ती झाडाच्या बुंध्याशी ओतायची, नवं भरायची, हात जोडायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिला विचारावंसं वाटलं की हे पाणी कुठलं. भाषा नव्हती.

कारण मी पाणी शोधत होते. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. बाबा विचारणार नाहीत हे मला माहीत होतं, पण विचारलंच तर उत्तर हवं. आणि तिथं उत्तर सापडेना. सगळीकडे बाटलीचं पाणी. त्याला चवच नसते. नळाचं पिऊ नका, असं खोलीत लिहून ठेवलेलं. एवढं समुद्राच्या मधोमध येऊन सांगायचं काय, की बाटलीचं होतं?

खाण्याचं सांगते. टूरबरोबर आपला स्वयंपाकी होता, त्यामुळे वरण-भात-भाजी वेळेवर. पण एका दुपारी मी बाजारात एकटी जाऊन बसले. एक म्हातारी उखळीत लसूण, मिरच्या, कच्ची पपई आणि शेंगदाणे कुटत होती. तो आवाज ऐकून मी थांबले, कारण तो आमच्या घरच्या खलबत्त्याचा आवाज होता. ते लोक त्यात मासळीचा खारट रस ओततात, तो नको म्हणून खुणेने सांगितलं. तिने एक मिरची दाखवून, एक की दोन, असं विचारलं. मी पंजा दाखवला. ती हसली, शेजारणीला बोलावून आणलं. दोघी माझ्यासमोर बसून मी कशी खाते ते पाहत राहिल्या. मी वऱ्हाडातली आहे हे त्यांना कसं सांगणार? सगळं संपवलं. डोळ्यातून पाणी येऊ दिलं नाही. शेजारणीने टाळ्या वाजवल्या. परदेशात माझं तेवढंच कौतुक झालं, आणि ते पाहायला ओळखीचं कोणी नव्हतं.

बंद दार

गुहा फुकेतच्या उत्तरेकडच्या उपसागरात आहेत. तिथं पाण्यातून चुनखडीचे डोंगर सरळ उभे राहिले आहेत, पायथ्याशी बारीक, वर रुंद. समुद्राने त्यांना पाण्याच्या पातळीला गोल कुरतडलं आहे. मोठ्या बोटीने तिथवर जायचं, मग रबरी होडीत आडवं पडून डोंगराच्या पोटात शिरायचं. आत बोगदा, आणि बोगद्यापलीकडे आभाळाला उघडी असलेली एक जागा. चारी बाजूंनी कडे, मध्ये पाणी. तिथली माणसं तिला त्यांच्या भाषेत 'हाँग' म्हणतात. हाँग म्हणजे खोली.

आम्ही सगळे सकाळी पोहोचलो. होडी वल्हवणारा पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस होता. त्याला सगळे 'बांग' म्हणत. त्यांच्याकडे बांग म्हणजे दादा. त्याने कड्याकडे बोट दाखवलं. दार कुठं होतं? पाणी खडकाला टेकलेलं. वरती शिंपल्यांच्या धारदार कडा तेवढ्या दिसत होत्या.

"पाणी वर," बांग मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दोन तास."

"हे पानी कधी सोडते?" काकूंनी मला विचारलं.

"सोडत कोणी नाही काकू. ओहोटी लागली की आपोआप उतरते."

"आपोआप? अन् पाळी नाही कोनाची?" आमच्याकडे कालव्याचं पाणी पाळीने सुटतं. काकूंचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

दोन तास थांबायला कोणी तयार नव्हतं. जेवण दुसऱ्या बेटावर मांडलेलं. लोकांनी बंद दारापुढे फोटो काढले आणि खरं तर सुटकेचा निःश्वास टाकला. गुल्हाने म्हणाले, "काही टेन्शन घेऊ नका. परवा आपण दहाऐवजी बाराला येऊ. दार उघडं सापडेल."

"नाही सापडणार," मी म्हटलं.

"ते म्हणाले ना मॅडम, दोन तास."

"ते आजचं म्हणाले. समुद्राची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. परवा बाराला आलात तर असंच बंद असेल. दोनच्या सुमारास या."

"दोनला शॉपिंग हाय मॅडम. बस सांगून ठेवली." आणि लोकांकडे वळून, "मॅडम आपल्या भूगोलाच्या हायेत बरं."

लोक हसले. मीही हसले असते, पण हे गणित मी दर वर्षी फळ्यावर सोडवते. बांगला विचारलं, परवा कधी? त्याने दोन बोटं वर केली. मी गुल्हान्यांकडे पाहिलं. ते मोबाइलकडे पाहत होते.

शेवटी ठरलं असं, की परवा सगळे शॉपिंगला जातील आणि मी एकटी, मोठ्या बोटीने तिथवर आणि पुढे बांगच्या होडीने. गुल्हान्यांना जबाबदारीची धास्ती. "घरच्यांना एक फोन करून विचारा ना. म्हणजे माझंही मन निवांत."

त्रेचाळीस वर्षांच्या बाईने घरच्यांना विचारायचं. तरी मी फोन लावला, पण विचारायला नाही. वहिनीने उचलला.

"वयनी, परवा मी गुहेत जाऊन राहिली. एकटी. सांगून ठेवते."

"जा ना बाई." मग आवाज दबला. "बाबा इथंच हायेत. ऐकून राहिले. देऊ का?"

फोन त्यांच्याकडे गेल्याचं मला कळलं. श्वास ऐकू येत होता, आणि मागे आमच्या कोंबड्या. मी 'बाबा' म्हटलं. कोंबड्याच ऐकू येत राहिल्या. मग फोन पुन्हा वहिनीकडे.

"झालं का बोलणं?" गुल्हान्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

खोली

निघताना काकूंनी भाकरी आणि ठेचा रुमालात बांधून दिला. त्यांना यायचं होतं. सून म्हणाली, "आई, तुम्हाले काही झालं तर?" काकू बसमध्ये जाऊन बसल्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "भेव नाही वाटत तुले?"

"नाही," मी म्हटलं. मला पोहता येत नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पोहोचलो तेव्हा दार उघडं होतं. माणसाच्या कमरेएवढं, काळं, आणि आतून थंड हवा येणारं. मी होडीत उताणी झोपले. बांग डोक्याशी बसला, वल्हं आडवं केलं आणि हातांनी छत ढकलत आम्हाला आत घेतलं. उजेड पायांकडून गेला. आधी वास आला, वटवाघळांचा, ओल्या युरियाच्या गोणीसारखा. बांगने बॅटरी लावली तेव्हा वर शेकडो डोळे. पुढे छत उंचावलं, आणि मी पुस्तकात पाहिलेलं सगळं एकदम अंगावर आलं. वरून लोंबणारे चुन्याचे खांब, काही जाड, काही गाईच्या आचळांएवढे. काहींवर बॅटरी पडली की साखरेसारखं चमकायचं. टोकाला थेंब, आणि थेंब पाण्यात पडल्याचा आवाज एवढा मोठा, जसं कोणी शेजारच्या खोलीत आहे.

मग उजेड आला आणि आम्ही खोलीत होतो.

कडे इतके उंच, की आभाळ विहिरीच्या तळातून दिसावं तेवढंच. कड्यांवर झाडं उलटी लटकलेली. मध्ये गुडघाभर हिरवं पाणी, कडेला चिखल आणि त्या चिखलात पाय असल्यासारखे चालणारे छोटे मासे. वारा नाही. समुद्राचा आवाज नाही. बाहेर एवढा अफाट समुद्र आहे हे आत कळत नाही. बांगने वल्हं मांडीवर ठेवलं.

"ही बघा," मी म्हणाले. मराठीत, मोठ्याने, वर्गात म्हणते तसं. "ही आधी गुहाच होती. हिचं छत खचलं. पावसाच्या पाण्याने वरून, समुद्राच्या पाण्याने खालून, दोन्हीकडून चुनखडी विरघळत गेली."

कड्यांनी ते सगळं मला परत केलं. 'विरघळत गेली' दोनदा ऐकू आलं. समोर बाकं नव्हती. शेवटच्या रांगेत कुजबुजणारं कोणी नव्हतं. इतकी वर्षं जे शिकवलं ते खरं होतं, अगदी तसंच होतं, आणि ते पाहायला मी एकटी. मला वाटलं होतं फार आनंद होईल. झालाही. पण आनंद झाल्यावर माणूस शेजारी बघतो, आणि शेजारी बांग होता. तो सभ्यपणे दुसरीकडे पाहत होता.

भाकरी सोडली. त्याला अर्धी दिली. ठेचा त्याने बोटभर घेतला, चघळला, मान हलवली आणि अजून घेतला. त्याच्याकडे केळीच्या पानातला चिकट भात होता, नारळाच्या दुधातला. मला गोड भात आवडत नाही. सगळा खाल्ला.

तेवढ्यात दिसलं, की एका लोंबत्या खांबावरून थेंब येत आहेत. डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी, दगडातून झिरपत आलेलं. समुद्राचं नव्हे. बाटलीतलंही नव्हे. तिथचं पाणी. मी बाटली रिकामी केली आणि तिचं तोंड थेंबाखाली धरलं. बांगला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. मी हलेचना. हात भरून आले, तरी बाटलीचा तळ कसाबसा झाकला होता. एक थेंब जिभेवर घेतला. खारट नाही, गोडही नाही. फळा पुसताना खडूची भुकटी तोंडात जाते, ती चव. ती मला झोपेतही ओळखता येईल.

बांग पाण्याकडे पाहून काही बोलला. मी "थोडं थांबा" म्हटलं. तो थांबला. खालचं पाणी फिरलं होतं, भरती लागली होती.

परतताना बोगद्याचं छत खाली आलेलं. म्हणजे छत तिथंच होतं, आम्ही वर आलो होतो. मधल्या अरुंद जागी होडी अडकली. बांगने बॅटरी तोंडात धरली, ती निसटली आणि अंधार झाला. माझ्या नाकापुढे खडक, वीतभरही नाही. शिंपल्याची धार कपाळाला लागली. खाली पाणी रबरावर थापा मारत होतं, आणि प्रत्येक थापेला खडक जवळ येत होता. "नो प्रॉब्लेम," बांग म्हणाला, पण त्याचा आवाज वेगळा होता. मग फुस्स असा आवाज सुरू झाला. तो होडीतली हवा सोडत होता. मी बुडणाऱ्या होडीत उताणी पडून, बाटली छातीशी दोन्ही हातांनी धरून, हवा जाताना ऐकत होते. त्या वेळी मनात कोण आलं? खांबाला बांधलेलं दोराचं टोक आलं. ते अजून तसंच असेल, एवढंच.

होडी मऊ झाली, खाली बसली आणि खडकाखालून घासत सुटली. उजेडात आल्यावर बांगने माझं कपाळ पाहिलं आणि हात जोडले. मीही जोडले.

हॉटेलवर काकूंनी विचारलं, "काय लागलं वं?"

"दारावर आपटली."

"मले वाटलंच. कशी होती गुहा?"

"चांगली होती," मी म्हटलं. त्यांनी सुनेने घेऊन दिलेली छत्री दाखवली.

ओसरी

बाटली टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत घातली होती. अकोल्याला उतरल्यावर आपल्या खोलीवर न जाता मी थेट गावाची एसटी धरली.

बाबा ओसरीतच होते. समोर अंबाडीचे वाक, दोराचं टोक खांबाला. मी पाया पडले. त्यांनी हात डोक्यावर ठेवला, तो नियमाने. विचारलं काही नाही. मी उभी राहिले. नुकतेच शेजारचे एक काका लेकीकडून बार्शीटाकळीहून आले होते, त्यांना पाणी विचारून झालेलं होतं म्हणे.

वहिनी मात्र सगळं विचारत होती. मी सगळं सांगितलं, ओसरीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. लाल माती, देवाचा पेला, मिरच्या, बंद दार, खोली. होडी अडकल्याचंही सांगितलं, पण गंमत म्हणून, हवा सोडल्याचा आवाज काढून. वहिनी हसली. मग मी बाटली नेऊन बाबांच्या खाटेशी ठेवली. "तिथचं पानी हाय," म्हटलं आणि जेवायला आत गेले.

पिठलं-भाकर खाऊन हात धुवून बाहेर आले. बाटली रिकामी होती. झाकण नीट लावून परत त्याच जागी उभी.

"गोडं नाही," बाबा म्हणाले. दोराकडे पाहूनच. "खडूवानी लागते."

"हाव."

दोराला एक पीळ देऊन ते म्हणाले, "हे कपाळाले त्या भोकातच लागलं?"

"हाव."

"भेव वाटलं?"

माझ्या उभ्या आयुष्यात हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. होस्टेलला सोडताना नाही, पहिल्या नोकरीला जाताना नाही.

"लय वाटलं, बाबा."

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू खांबापाशी गेले. गाठ घट्ट बसली होती. नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. मग टोक माझ्यापुढे केलं.

"धर," म्हणाले. "ढिला सोडू नको."